व्हिएतनामच्या जलबाहुल्या: पाण्याखाली काय असते आणि ही कला कुणाची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरमध्ये तुम्ही कुटुंबासह हनोईला जाणार आहात आणि तेथील पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ पाहावा की नाही, हे ठरवायचे आहे. एका परिचितांनी तुम्हाला सांगितले की त्या बाहुल्यांना खालून मोटर बसवलेली असते, आणि दुसऱ्यांचे म्हणणे असे की हा सगळा प्रकार पर्यटकांसाठी अलीकडे उभा केलेला असून त्यात लोककला म्हणावी असे काही उरलेले नाही. मी गेली २८ वर्षे छडबाहुल्या आणि सूत्रबाहुल्या घडवण्याचे व नाचवण्याचे काम करतो. ही कला समजून घेण्यासाठी मी दोनदा व्हिएतनामला गेलो आहे, आणि तेथे एका गावातील तळ्यात उतरून काठी हातात धरण्याची संधीही मला मिळाली. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो. या बाहुल्यांना मोटर नसते. दुसऱ्या आक्षेपाला इतके छोटे उत्तर नाही, आणि माझ्या मते ते उत्तर या बाहुल्या कशा चालतात हे नीट समजल्याशिवाय देता येत नाही. म्हणून आधी तेच सांगतो.

व्हिएतनामी भाषेत या कलेला ‘मुआ रोई नुओक’ म्हणतात. मुआ म्हणजे नृत्य, रोई म्हणजे बाहुली आणि नुओक म्हणजे पाणी. (नुओक या शब्दाचा त्या भाषेत ‘देश’ असाही अर्थ होतो, हे समजल्यापासून मला या नावाकडे पाहताना नेहमी थोडे थांबावेसे वाटते.) पारंपरिक खेळ गावच्या तळ्यात होतो. तळ्यात विटांचा किंवा लाकडाचा, कौलारू छपराचा एक मंडप असतो. त्याला ‘थुई दिन्ह’, म्हणजे जलमंडप, असे नाव आहे. मंडपाच्या दर्शनी बाजूला बांबूच्या बारीक काड्यांची चिक पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत सोडलेली असते. तिच्यामागे कलावंत कमरेइतक्या पाण्यात उभे असतात आणि चिकेच्या फटींतून त्यांना पुढचे पाणी दिसते. त्यांच्या हातातल्या काठ्या चिकेखालून, पाण्याच्या आतून पुढे गेलेल्या असतात आणि बाहुल्या तीन-चार मीटर अंतरावर मोकळ्या पाण्यात खेळत असतात. प्रेक्षक काठावर बसतात. पाणी गढूळ असल्यामुळे काठी कुणाला दिसत नाही. गावच्या तळ्यात ते मुळातच गढूळ असते आणि शहरातील नाट्यगृहांमध्येही ते मुद्दाम हिरवट, अपारदर्शक ठेवले जाते. स्वच्छ, तळ दिसणाऱ्या पाण्यात हा खेळ होऊच शकत नाही.

बाहुलीचे दोन भाग असतात. पाण्याच्या वर दिसतो तो देह, आणि पाण्याखाली असतो तो लाकडी बैठकीचा भाग. ही बैठक म्हणजे केवळ पाट नव्हे. ती बाहुलीला तरंगत ठेवते, तिचा तोल सांभाळते आणि हात, मान, कंबर हलवणाऱ्या दोऱ्यांची सगळी यंत्रणा तिच्यातच बसवलेली असते. बाहुली साधारण ३० सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत उंच आणि एक ते पाच किलो वजनाची असते. लाकूड ‘सुंग’ नावाच्या झाडाचे वापरतात, आणि हे सुंग म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपला उंबर आहे. उत्तर व्हिएतनाममधल्या तांबड्या नदीच्या खोऱ्यात तो तळ्यांच्या काठी जागोजागी दिसतो. आपल्याकडे औदुंबराखाली दत्ताच्या पादुका असतात, त्यामुळे त्याच्या लाकडाकडे कारागिराच्या नजरेने पाहण्याची सवय आपल्याला फारशी नाही. पण विहिरींच्या जुन्या बांधकामात हेच लाकूड वापरत असत, कारण कोरड्या जागी लवकर किडणारा उंबर पाण्यात मात्र पुष्कळ टिकतो. शिवाय ते हलके आणि पटाशीला मऊ असते. सावंतवाडीच्या खेळणी करणाऱ्यांनी पांगारा ज्या कारणासाठी निवडला, त्याच्याच जवळचे हे कारण आहे. फक्त येथे पाण्याची अट वाढलेली आहे.

कोरीव काम झाले, लाकूड सुकले, की त्यावर रोगण चढते, आणि बाहुलीचे आयुष्य या रोगणावर ठरते. व्हिएतनाममध्ये एका झाडाच्या सालीला चीर देऊन जो चीक काढतात, त्यापासून हे रोगण तयार होते. हनोईच्या वायव्येकडील फू थो प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. एक थर द्यायचा, तो दमट हवेत वाळू द्यायचा, घासायचा आणि मग पुढचा थर द्यायचा, असे अनेकदा करून लाकूड पाण्यापासून बंद केले जाते. त्यावर रंग आणि सोन्या-चांदीचा वर्ख लावतात. ही चकाकी शोभेपुरती नाही. तळ्याच्या गढूळ पृष्ठभागावर, दहा-पंधरा मीटर अंतरावरून, ओल्या बाहुलीचा चेहरा उठून दिसावा यासाठी ती आवश्यक असते. मी मॅट रंगांनी केलेल्या बाहुल्या पाण्यात उतरवून पाहिल्या आहेत. त्या भिजताच काळवंडतात आणि नाक-डोळे दिसेनासे होतात.

आता चालवण्याकडे येतो. तीन किलोची बाहुली काठीच्या टोकाला बांधली आहे आणि मागच्या हातापासून टोकापर्यंत तीन मीटर अंतर आहे, असे धरा. दोन्ही हातांत अर्ध्या मीटरचे अंतर असेल, तर जमिनीवर ही काठी आडवी धरण्यासाठी पुढच्या हाताला १८ किलोचा भार वर तोलावा लागेल आणि मागच्या हाताला १५ किलोइतके खाली दाबावे लागेल. काठीचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही. असा भार घेऊन कुणी एक मिनिटही सफाईने बाहुली नाचवू शकणार नाही. पाण्यात मात्र बैठक तरंगते, बांबूची पोकळ काठीही बरीचशी तरंगते आणि वजन जवळजवळ नाहीसे होते. कलावंताच्या हाताकडे उरते ते दिशा देणे, वेग देणे आणि थांबवणे. ज्यांना मोटरची शंका येते त्यांची शंका अगदी स्वाभाविक आहे, कारण इतक्या दूरवर इतकी जड वस्तू इतक्या सहज फिरते याचे दुसरे कारण त्यांना दिसत नाही. ते कारण डोळ्यांसमोरच पसरलेले असते: ओझे पाणी वाहते.

यंत्रणा मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकाराला ‘माय साव’, म्हणजे काठीचे यंत्र, म्हणतात. यात बैठकीखाली एक लहानसे सुकाणू असते आणि त्याला जोडलेल्या दोऱ्या काठीच्या कडेने मागे कलावंताच्या हातापर्यंत आलेल्या असतात. एक दोरी ओढली की बाहुली डावीकडे वळते, दुसरी ओढली की उजवीकडे. तिसरीने हात उचलतो, चौथीने मान फिरते. म्हणजे एका हाताने काठी पुढे-मागे करायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी दोऱ्या निवडायच्या, त्याही पाण्याखाली आणि न बघता. दुसऱ्या प्रकाराला दोरीचे यंत्र म्हणतात. यात तळ्याच्या चिखलात आधीच खुंट रोवून त्यांच्याभोवती दोर फिरवलेले असतात, आणि त्या दोरांवर बाहुल्यांची संपूर्ण रांग एका कडेने निघून दुसऱ्या कडेने परत येते. मिरवणुका, पऱ्यांची नृत्ये, सैन्याची कूच असे काठीच्या आवाक्याबाहेरचे प्रसंग याने साधतात. खुंट कोठे रोवायचे आणि दोर कोणत्या क्रमाने ओढायचे, हे पूर्वी प्रत्येक गावाचे गुपित असे.

मी काठी हातात घेतली तेव्हा सर्वांत अवघड गेले ते थांबवणे. मी छडबाहुल्यांचा माणूस आहे. माझ्या हाताची सवय अशी की हात थांबला की बाहुली थांबते. पाण्यात तसे होत नाही. काठी ढकलली की क्षणभर काहीच घडत नाही, कारण पाणी विरोध करते. मग बाहुली निघते, आणि हात थांबवल्यावरही ती आपल्या वेगाने पुढे सरकत राहते. माझ्या हातातली शेतकऱ्याची बाहुली ढोलाच्या थापेवर थांबायच्या ऐवजी वीतभर पुढे जाऊन शेजारच्या बाहुलीवर आदळली. माझ्याबरोबर पाण्यात उभ्या असलेल्या वृद्ध कलावंतांनी काही न बोलता माझे मनगट धरले आणि थाप पडण्याच्या बरेच आधी काठी किंचित मागे ओढली. बाहुली बरोबर थापेवर स्थिर झाली. म्हणजे ताल ऐकून हात हलवायचा नसतो. ताल येण्यापूर्वीच पाण्याला सूचना द्यायची असते. त्यातही शेजारी दुसरा कलावंत आपली बाहुली फिरवत असेल तर त्याच्या लाटेने आपली बाहुली डुलते, आणि त्या डुलण्याचाही हिशेब ठेवावा लागतो. सात-आठ माणसे एकाच पाण्यात उभी राहून हे करतात, तेव्हा त्यांच्यात जो मेळ लागतो तो तालमीने तर येतोच, पण एकमेकांच्या हालचाली पाण्यातून अंगाला जाणवतात म्हणूनही येतो, असे मला तेथे उभे असताना वाटले.

चांगल्या बाहुलीकाराने पाण्याला विरोध न करता त्याच्याकडून काम करून घ्यावे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे नागनृत्य. व्हिएतनामी नाग, म्हणजे त्यांचा ड्रॅगन, अनेक तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे एकमेकांना लवचीकपणे जोडलेले असतात. कलावंत मुख्यतः डोके चालवतो. मागचे अंग पाण्याच्या रेट्यानेच वळसे घेत येते. तो डोके बुडवतो, वर काढतो, तोंडातून पाण्याचा फवारा सोडतो, आणि पुढच्या फेरीत त्याच तोंडातून ठिणग्या उडतात. फिनिक्स पक्ष्यांची जोडी एकमेकांभोवती फिरते, त्यांच्यामध्ये अंडे दिसते आणि त्यातून पिल्लू बाहेर येते. कोल्हा बदक पकडून झाडावर चढतो, हा प्रसंग मुलांना फार आवडतो. पाण्यावर काठीने आलेला कोल्हा झाडाच्या बुंध्याशी पोहोचला की तेथून पुढे दुसऱ्या दोरीचे काम सुरू होते, आणि हा बदल कुणाच्या लक्षात येऊ नये यातच कौशल्य असते.

आता या कलेच्या वयाविषयी. सर्वांत जुना पुरावा शिलालेखाचा आहे आणि त्याचे साल ११२१ आहे. हनोईच्या दक्षिणेला दोई नावाच्या टेकडीवरील पॅगोडाच्या आवारात ‘सुंग थिएन दिएन लिन्ह’ या नावाने ओळखला जाणारा हा शिलालेख उभा आहे. तो ली घराण्याचा सम्राट ली न्हान तोंग याच्या काळातला आहे. त्यात सम्राटापुढे झालेल्या उत्सवाचे वर्णन आहे: सोनेरी कासव पाठीवर तीन पर्वत घेऊन पाण्यावर येते, आपली पाठ आणि चारही पाय दाखवते, काठाकडे नजर फिरवते, तोंडातून पाणी उडवते, आणि पर्वतांतून पऱ्या बाहेर येऊन नृत्य करतात. कासवाच्या तोंडातून उडणारे पाणी वाचताना आजचा नाग डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही. चीनमध्येही पाण्यावरच्या बाहुल्या होत्या. सोंग राजवटीत राजधानी कायफेंगच्या राजतलावात नावेवरून असे खेळ होत असल्याचे उल्लेख आहेत. परंतु ती परंपरा तेथे लोपली. व्हिएतनाममध्ये मात्र ती गावोगाव रुजली. दरबारात नऊशे वर्षांपूर्वी दाखवलेले कासव आणि आजच्या गावातली काठीवरची बाहुली यांच्यामधली प्रत्येक कडी जोडून दाखवता येत नाही, हे मी मान्य करतो. तरी पाण्यावर यांत्रिक आकृती खेळवण्याची विद्या त्या भूमीत बाराव्या शतकाच्या प्रारंभी प्रगत अवस्थेत होती, एवढे त्या शिलालेखाने निश्चित होते.

हनोईच्या पश्चिमेला साय सोन येथे ‘चुआ थाय’ नावाचा पॅगोडा आहे. थाय म्हणजे गुरू. हे गुरू म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातले भिक्षू तू दाव हान्ह, आणि परंपरा त्यांनाच जलबाहुल्यांचे आद्य गुरू मानते. पॅगोडासमोरच्या तळ्यात एक जुना जलमंडप उभा आहे. तो ले राजवटीच्या काळातला मानतात. तेथील उत्सव त्यांच्या चांद्र पंचांगातील तिसऱ्या महिन्याच्या ५ ते ७ या तिथींना भरतो, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या गुढीपाडव्यानंतर चार-सहा दिवसांनी. त्या दिवसांत जलमंडपातून बाहुल्यांचा खेळ होतो.

गावोगाव ही कला ज्यांच्या हाती राहिली त्या मंडळांना ‘फुओंग’ म्हणतात. हनोईजवळचे दाव थुक, बाक निन्ह भागातले दोंग न्गू, थाय बिन्ह भागातले न्गुयेन सा, हाय फोंग भागातले बाव हा ही त्यांतली नामांकित गावे. बाव हा तर मूर्ती आणि बाहुल्या कोरणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. फुओंगमध्ये प्रवेश मिळवणे सोपे नव्हते. नव्या सभासदाला गुपित न फोडण्याची शपथ घ्यावी लागे. विद्या बापाकडून मुलाकडे जात असे आणि स्त्रियांना ती शिकवत नसत, कारण मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की गुपितही तिच्याबरोबर जाईल, अशी भीती होती. आज हा नियम मोडला आहे. शहरातील नाट्यगृहांत आणि काही गावांतही स्त्रिया पाण्यात उतरून बाहुल्या चालवतात. माझ्या मते गेल्या शतकात या कलेत झालेला हा सर्वांत चांगला बदल आहे.

हे सभासद कोण होते, याकडे तुमचे विशेष लक्ष वेधतो, कारण तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर तेथेच आहे. ते भात पिकवणारे शेतकरी होते, सुतार होते, मच्छीमार होते. तांबड्या नदीचे खोरे सखल आणि पुराचे. तेथला माणूस वर्षातील कित्येक महिने गुडघ्याइतक्या, मांडीइतक्या पाण्यात उभा राहून काम करीत असे. रोपे लावणे, पाणी उपसणे, बदके हाकणे, मासे धरणे ही कामे त्याने पाण्यातच केली. तेव्हा बाहुल्या नाचवण्यासाठी तो पाण्यात उतरला यात त्याला विलक्षण असे काही वाटले नसावे. बाहुल्यांचे विषयही तेच आहेत. नांगरणारा माणूस आणि रेडा, लावणी करणाऱ्या बाया, बेडूक पकडणारा गडी, म्हशीवर बसून पावा वाजवणारे पोर, खाली-वर उघडी बांबूची टोपली उथळ पाण्यात दाबून मासा कोंडणारे कोळी, आणि त्या धांदलीत माशाऐवजी शेजाऱ्याच्याच डोक्यावर टोपली बसणे. कुस्ती, नौकाशर्यत, परीक्षा उत्तीर्ण होऊन वाजतगाजत गावी परतणारा विद्वान हेही असतात. राजा ले लोई आणि सोनेरी कासवाचा प्रसंग प्रसिद्धच आहे. चीनच्या मिंग राजवटीशी १४१८ ते १४२७ असा लढा देऊन ले लोईने देश सोडवला, त्यानंतर एकदा तळ्यात नौकाविहार करताना कासव वर आले आणि ज्या दैवी तलवारीने विजय मिळाला ती त्याने परत मागून घेतली, अशी आख्यायिका आहे. हनोईच्या मध्यभागी असलेल्या तळ्याचे ‘होआन किएम’ हे नाव, म्हणजे ‘परत केलेली तलवार’, त्यावरूनच पडले. ही कथा पाण्यातच घडते. ती सांगण्यासाठी याहून योग्य रंगमंच कोणता असणार?

या सर्वांचा निवेदक आहे चू तेऊ. गोलमटोल पोट, उघडे अंग, डोक्यावर लहान मुलासारखे केसांचे झुपके आणि ओठांवर सतत हसू. चू म्हणजे काका; खेळ सुरू करणारा, प्रसंग जोडणारा, मध्येच येऊन गावातल्या बड्या मंडळींना चिमटा काढणारा हा माणूस आपल्या तमाशातल्या सोंगाड्याचा दूरचा नातेवाईक वाटतो. त्याचे संवाद ठरलेले नसत. त्या गावात त्या वर्षी काय घडले, कुणी सार्वजनिक पैसा खाल्ला, कुणाचा कुणाशी वाद झाला, हे त्याच्या तोंडून पाण्यावर येत असे. गायन आणि वाद्यमेळ उत्तर व्हिएतनामच्या ‘चेओ’ या लोकनाट्याचा असतो: ढोल, झांजा, बासरी, दोन तारांचे गजवाद्य, आणि ‘दान बाऊ’ हे एकाच तारेचे, माणसाच्या आवाजाच्या अगदी जवळ जाणारे वाद्य. ढोलाचे काम केवळ साथीचे नसते. पडद्यामागे उभ्या माणसांना पुढचा इशारा त्यातूनच मिळतो.

या कलेचा शारीरिक त्रास मात्र प्रेक्षकाला सहसा दिसत नाही. उत्तर व्हिएतनाममधला हिवाळा बोचरा असतो आणि सण-उत्सव बहुतेक त्याच्या शेवटी किंवा लगेच नंतर येतात. पूर्वीचे कलावंत अंगात ऊब राहावी म्हणून आल्याचा काढा घेत, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी मासळीच्या खारट अर्काचा, म्हणजे त्यांच्या ‘नुओक माम’चा, घोट घेत. सांधेदुखी, त्वचेचे विकार आणि जळवा या तिन्ही गोष्टी कामाचा भाग होत्या. आता छातीपर्यंत येणारे रबरी कपडे मिळतात, तरीही दिवसातून तीन-चार खेळ करणाऱ्या कलावंताच्या पाठीची आणि खांद्याची अवस्था मी जवळून पाहिली आहे. जी बाहुली सहज तरंगताना दिसते तिच्यामागे अशी माणसे उभी असतात.

आता पर्यटनाविषयी. युद्धांच्या आणि स्थित्यंतरांच्या काळात अनेक फुओंग बंद पडले. १९५६ मध्ये हनोईत सरकारी बाहुली नाट्यसंस्था स्थापन झाली, आणि १९६९ मध्ये सुरू झालेल्या मंडळीतून आजचे थांग लोंग जलबाहुली नाट्यगृह उभे राहिले, जे होआन किएम तळ्याच्या काठाशीच आहे. १९८४ मध्ये जलबाहुल्यांचा खेळ फ्रान्समध्ये गेला, आणि त्यानंतर परदेशी महोत्सवांची निमंत्रणे व पुढे देशात येणारे पर्यटक यांच्यामुळे या कलेला नवा आधार मिळाला. नाट्यगृहातला खेळ सुमारे ५० मिनिटांचा असतो आणि त्यात डझनाहून अधिक छोटे प्रसंग एकामागून एक येतात. तो पर्यटकांच्या वेळापत्रकासाठी बसवलेला आहे, हे खरे आहे. चू तेऊचे बोलणे त्यात आक्रसते, कारण समोरच्या बहुसंख्य लोकांना भाषा कळत नाही. गावच्या कारभाऱ्याला काढलेला चिमटा ज्याला समजत नाही त्याच्यापुढे तो काढण्यात काय अर्थ? लय वेगवान होते आणि संथ प्रसंग गळतात. मला स्वतःला ही हानी मोठी वाटते. फटाक्यांचेही तसेच झाले: जुन्या खेळाची सुरुवात पाण्यातून फटाक्यांच्या कडकडाटासह ध्वज उसळून वर येण्याने होत असे, परंतु १९९५ पासून व्हिएतनामने फटाक्यांवर बंदी घातली आणि गावांच्या खेळातील हा प्रवेश फिका पडला.

असे असले तरी जे नाट्यगृहात दिसते ते बनावट आहे, हे मला मान्य नाही. तीच काठी, तेच सुकाणू, तेच उंबराचे लाकूड आणि कमरेइतक्या पाण्यात उभे राहणारी तीच माणसे आहेत. तिकिटांच्या पैशांमुळे कोरणारे, रोगण चढवणारे आणि दुरुस्ती करणारे कारागीर टिकले. रोज पाण्यात उतरणारी बाहुली काही महिन्यांत दुरुस्तीला जाते आणि तिला हाताशी कुशल माणूस लागतो. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या, त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पण तेथल्या खेळाला नियमित प्रेक्षक मिळवणे किती कठीण असते, हे मी पाहिलेले आहे. म्हणून रोज भरणारे नाट्यगृह मला तुच्छ मानावेसे वाटत नाही. हनोईत फान थान्ह लिएम हे परंपरागत घराण्यातले कलावंत लहानशा फिरत्या रंगमंचावर एकट्याने खेळ करतात. तेही याच परंपरेचे एक नवे रूप आहे, आणि मला ते मोठ्या नाट्यगृहापेक्षा जुन्या खेळाच्या अधिक जवळचे वाटते.

तेव्हा माझा सल्ला असा. थांग लोंगची तिकिटे आधी काढा, कारण डिसेंबरात गर्दी असते. अगदी पहिल्या रांगेत बसू नका. नाग फवारे उडवतो तेव्हा तेथे पाणी येते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे इतक्या जवळून बाहुल्यांच्या मांडणीचा आकार कळत नाही. चौथी-पाचवी रांग उत्तम. वादक बाजूच्या ओट्यावर बसतात. दान बाऊ वाजवणाऱ्याचा डावा हात दिसेल अशी जागा मिळाली तर अवश्य घ्या. दुसऱ्या दिवशी शक्य असेल तर हनोईच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात जा. त्याच्या आवारात तळे आणि जलमंडप आहे आणि गावांतली मंडळे तेथे येऊन खेळ करतात. त्या दिवशी खेळ आहे का, याची आधी चौकशी करा. एक पूर्ण दिवस हाताशी असेल तर शहराच्या उत्तरेला दाव थुक गावी जा. तेथील फुओंग आधी कळवल्यास पाहुण्यांसाठी खेळ ठेवतो आणि नंतर बाहुल्या हातात घेऊ देतो. बाहुली उलटी करून तिची बैठक पाहा, सुकाणूला बोट लावून ते फिरवा, दोऱ्या कोठून कोठे जातात ते मुलांना शोधू द्या. आणि कोणत्याही ठिकाणी खेळ पाहताना पऱ्यांच्या नृत्यात एकदा बाहुल्यांवरून नजर काढून त्यांच्याभोवतीच्या पाण्याकडे पाहा: रांग वळते त्याच्या क्षणभर आधी पृष्ठभागावर एक बारीक तरंग चिकेकडून बाहेर येताना दिसेल. काठीला किंवा दोराला दिलेला तो हिसका असतो, आणि तो ओळखता आला की पडद्यामागे उभ्या माणसाचा हात तुम्हाला दिसू लागेल.